रुमाल बांधलेलं झाड

प्रफुल हर्षाला मोटारसायकलवर बसवून कोरपन्याच्या पुढच्या जंगलातल्या किल्ल्यावर घेऊन आला, तो बाग पाहायला नाही, होकार घ्यायला. दोन्ही घरच्यांनी ही एक सकाळ मोकळी दिली होती. उद्या हर्षाच्या घरी नागपूरचा एक इंजिनिअर पोहे खायला येणार होता, तोही चारचाकीतून. प्रफुलकडे ऊर्जानगरच्या वीज केंद्रातली शिफ्ट ड्युटी होती आणि एक हेल्मेट. तेही आज हर्षाच्या डोक्यावर.

किल्ल्याच्या तटाखालून बाग टप्प्याटप्प्यानं उतरत जाते. वरच्या पाटीवर गुलाब, कारंजी आणि हंस रंगवलेत. खाली दगडी बांध, बांधावर माती, मातीवर बकऱ्या आणि मोहाची जुनी झाडं. प्रफुलनं तयारी टप्प्यांप्रमाणे केली होती. वरच्या टप्प्यावर नोकरी, त्याखाली क्वार्टर, त्याखाली आईचा स्वभाव आणि तळाच्या विहिरीपाशी मुख्य प्रश्न. पण मधल्या पायऱ्या ढासळलेल्या निघाल्या. वळसा घालून दोघं क्वार्टर न पाहता थेट आईच्या स्वभावावर उतरले.

तो बोलत सुटला. आई वाईट नाही, फक्त मिक्सरला हात लावू देत नाही, वगैरे. हर्षा कोरपन्याच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि पेशंटचं ऐकावं तसं ऐकत होती. हूं म्हणायची, निदान सांगायची नाही. प्रफुलनं मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवली, शर्टाची बटणं तपासली, मग खिशातला रुमाल काढून मोहाच्या एका लोंबत्या फांदीला गच्च गाठ मारून बांधला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात खालच्या टप्प्यावरून सोनीबाई वर आली. पायथ्याच्या गावातली म्हातारी, डोक्यावर टोपलं, हातात लाल चिंधी. ती रुमालाकडे बघत राहिली. मग तिनं शांतपणे सांगितलं, की मोहाची फुलं पडायला लागली की गावातलं एकेक घर आपापल्या झाडाला फडकं बांधतं. ज्याचं फडकं, त्याचं झाड. हे झाड दरवर्षी तिचं असायचं. आजपासून ते साहेबांचं.

प्रफुल गाठ सोडायला धावला. सोनीबाईनं त्याच्या हातावर चापट मारली. बांधलेलं फडकं हंगाम सरेपर्यंत सोडत नाहीत, झाड रुसतं. वाट एकच होती. झाड एकट्यादुकट्याला मिळत नाही, चुलीला मिळतं. चूल एक नसेल तर तो रुमाल म्हणजे वाऱ्यानं आणलेली चिंधी, झाड पुन्हा तिचं.

"तं सांगा," ती म्हणाली, "तुमी दोघं एका चुलीचे हाव का?"

जो प्रश्न प्रफुल इतके टप्पे जपून उतरवत होता, तो म्हातारीनं टोपलं खाली ठेवता ठेवता विचारून टाकला. प्रफुलनं एका बकरीकडे पाहिलं. बकरीनं अंग काढून घेतलं.

हर्षानं आधी चौकशी केली. फुलं पडतात कधी? पहाटे. किती दिवस? झाडाची मर्जी. वेचायचं कोणी? घरानं. घरातल्या माणसाची रातपाळी असली तर?

सोनीबाईनं प्रफुलला आपादमस्तक न्याहाळलं. "मंग बाईनं वेचाचं."

"मी एकटी नाई येत. याले बी यावं लागन, ड्युटी करून."

"थे तुमचं तुमी पाहा. चूल एक हाय का नाई?"

"हाय," हर्षा म्हणाली. रक्तगट सांगावा तशी.

सोनीबाईला झाड गेल्याचं दुःख झालेलं दिसलं नाही. गुडघे धरल्यापासून तिला वाकवत नव्हतं. अर्धी फुलं आपल्या अंगणात आणून टाकायची, असं ठरवून ती बांधावर बसली आणि दोघांना टोपलं दिलं.

ऊर्जानगर इथून मोटारसायकलनं दीड तास. प्रफुल मनातल्या मनात शिफ्टा बदलत होता, पण त्याचा जीव काही थाऱ्यावर येईना. "म्हंजे होकार समजू का मी?"

"पायाखाली पाह्य आंधी. फुलं चेंदून राह्यला तू."

मग चिकट बोटांनी तिनं घरी फोन लावला. उद्या सकाळी मोह वेचायचा आहे, तेव्हा पाहुण्यांना येऊ नका म्हणावं. वडिलांनी कोणाचं झाड, एवढंच विचारलं.

"आमचं," ती म्हणाली आणि तिनं प्रफुलला टोपलं पुढं सरकवायला खुणावलं.