कुंदाताईचा हात

"डोळे मिटा हं," मी बोलून गेले आणि जीभ चावली. नाईकबाईंचे डोळे पहाटेच मिटले होते, कायमचे. पण पार्लरमधली इतक्या वर्षांची सवय. कोणाच्याही पापणीला बोट लावायच्या आधी तोंडातून तेच येतं. त्यांची मुलगी तेजल पायाशी उभी होती. ती रडता रडता म्हणाली, "बोला ना मावशी. आईशी नेहमीसारखंच बोला."

मग मी बोलतच राहिले. हिरवी साडी नेसवली, चुडा भरला, मळवट भरला. मंदीत बाईंनी भुवया करून घेणं सोडलं होतं, त्या दोऱ्यानं नीट करून दिल्या. आयुष्यभर टापटिपीत राहिलेली बाई, तशीच कशी पाठवायची?

तर, भटवाडीत माझं पार्लर होतं. दोन खुर्च्यांचं, पण लग्नसराईत बायका जिन्यात बसून नंबर लावायच्या. मी स्वतः बिनलग्नाची, पण नवरी सजवावी तर कुंदानंच, असा बोलबाला होता. कुंदाच्या हाताला गुण आहे, तिनं सजवलेली पोरगी सुखात नांदते, म्हणायचे. माझी भाची जान्हवी फ्रॉक घालायची तेव्हापासून माझ्या खुर्चीवर चढून ओठ पुढे करायची. "आत्या, माझ्या लग्नात तूच हं!" मी म्हणायचे, "मी नाही तर कोण गं?"

मग मंदी आली. कोणाच्या नवऱ्याला कंपनीनं काढलं, कोणाचा पगार कापला. बाई पहिली काटकसर स्वतःच्या तोंडावर करते, हे माझ्याइतकं कोणी बघितलं नसेल. फेशियल गेलं, वॅक्सिंग गेलं, थ्रेडिंगसुद्धा सणावारावर आलं. मी गाळा सोडला, सामान पिशवीत भरलं आणि घरोघरी जायला लागले. "झकास आयडिया, ताई!" देवेश म्हणाला. देवेश म्हणजे माझा भाऊ, जान्हवीचा बाप. कसली झकास! चार मजले चढून जावं, तर दारातूनच, "आज नको हं, पुढच्या महिन्यात बघू."

नाईकबाईंनंतर मात्र तोंडोतोंडी झालं आणि फोन थांबेनात. टॉवरमध्ये शेजारीण शेजारणीला ओळखत नाही. घरातली सवाष्ण गेली तर तिला नऊवारी नेसवणार कोण? मळवट कसा भरतात हे तिथे कोणाच्या गावी नसतं. मुलुंड म्हणू नका, पवई म्हणू नका, कुठूनही बोलावणं यायचं आणि मी जायचे. पोट भरायला लागलं. या धंद्याला मेली मंदी नाही! सुरुवातीला घरी येऊन अंघोळ करताना रडू यायचं. नंतर त्या बायकांची माया वाटायला लागली. दिवसभर कोणाशी बोलायचे नाही एवढं मी त्यांच्याशी बोलायचे.

नवऱ्या मात्र एकेक करून गळाल्या. कोणी तोंडावर बोललं नाही. "मुलाकडच्यांनी ठरवलीय ओ पार्लरवाली," एवढंच. मी मनात म्हणायचे, जाऊ देत, आपली जान्हवी आहे ना.

तिचं लग्न ठरलं तसा मी नवा ब्रश आणला, तिच्या रंगाचं फाउंडेशन आणलं आणि देवेशकडे गेले. मृणालिनीवहिनीनं चहा पुढे केला. बसली मात्र लांब.

"ताई, रागावू नका हं. मेकअपवालीला सांगून झालंय."

"अगं पण का?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही जाता ना तिथे... लोक बोलतात. शुभकार्य आहे. उद्या पोरीचं काही झालं, तर आयुष्यभर मनात राहील माझ्या."

"मी हात धुते गं, वहिनी," मी म्हटलं. जान्हवी तिथेच बसली होती, मोबाइलमध्ये बघत. तिनं मान वर केली नाही. वहिनी काहीही बोलो, पण ही पोर गप्प बसली, ते मला लागलं.

लग्नाला गेले. न जाऊन सांगते कोणाला! जान्हवी स्टेजवर आली. चेहरा गोरापान आणि मान सावळी. चंद्रकोर वाकडी. मी चटकन उठले, रुमाल ओला करून पायरीपर्यंत गेले. वहिनी आडवी आली. "ताई, जेवून घ्या ना तुम्ही. पंगत बसलीय."

मी जेवायला बसले. शेजारी शकुआत्या होती, माझ्या वडिलांची बहीण. सगळं आयुष्य मुंबईत गेलं, बोलणं मालवणी ते मालवणीच. समोर आतोबा जिलेबीवर ताव मारत होते. आत्यानं इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आली.

"कुंदा, मी ह्येंच्या आधी गेलंय, तर माका तूच सजव गो. दुसऱ्या कोणाक हात लावूक देऊ नको."

रडावं की हसावं कळेना. तिथे स्टेजवर माझी पोर तशीच उभी होती आणि इथे ही बाई माझी वाट बघत होती.

"नऊवारी की सहावारी, आत्या?"

"नऊवारी. लग्नातली आसा माझी, जपून ठेवलंय." मग जरा लाजून म्हणाली, "नि आबोलीचो गजरो होयो."

उजवा हात उष्टा होता. मी डावा रुमालाला पुसला, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि रंग बघितला. आत्यानं आपणहून डोळे मिटून घेतले.