रसाकला आणायला

"उम्मा, क्लच गेलाय," बीरान म्हणाला.

"काल याच क्लचवर तू कोंडोट्टीला नारळ पोचवून आलास." कदीसुम्मा जीपच्या पुढच्या सीटवर आधीच ठाण मांडून बसली होती; सगळं गाव तिला उम्मा, म्हणजे आई, म्हणायचं. "नारळ नेतोस आणि मला नेत नाहीस होय रे?"

"ब्रेकही नीट लागत नाहीत."

"मग थांबू नकोस कुठं. सरळ विमानतळ."

बीरानने कमरेचा मुंडू गुडघ्यावर दुमडला आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं, पण बाहेर कदीसुम्मा होती. आयुष्यभर त्याने या गावातून करिपूरच्या विमानतळावर माणसं नेली होती आणि तिथून आणली होती. एकाही भाड्याला तो कधी नाही म्हणाला नव्हता. आज पहिल्यांदाच म्हणत होता, आणि सराव नसल्यामुळे ते जमत नव्हतं.

भानगड अशी होती, की आदल्या दिवशी शारजाहून कदीसुम्माच्या मुलाचा, रसाकचा, फोन आला होता.

"बीरानिक्का, उद्या दुपारच्या विमानानं येतोय. उम्माला आणू नका. कुणालाच आणू नका. आमची कंपनी बंद पडली. कायमचाच येतोय. येतोय एवढंच उम्माला सांगितलंय; कायमचं, हे फक्त रुखियाला, बाकी कुणाला नाही. मोबाइलवरून टॅक्सी मागवतो, मागच्या दारानं घरात शिरतो आणि मग सवडीनं एकेकाला सांगतो."

"काळजी करू नकोस," बीरान म्हणाला होता. "मी बघतो." हे म्हणताना कदीसुम्मा त्याच्या डोळ्यांसमोर आली नव्हती.

आता फाटकातून रसाकची बायको रुखिया बाहेर आली आणि तिने बीरानकडे बघून मान हलवली. सकाळपासून तिनेही बरंच सांगून पाहिलं असावं. तिच्या मागून रसाकचा मामा आलवी आला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याच्या मागून त्याची बायको नबीसा, रसाकच्या दोन्ही मुली, दोन पुतणे, त्यांच्या बायका आणि उगाचच एक शेजारीण. सगळी मंडळी मागच्या बाकांवर चढली. जीप एका अंगाला कलली.

"क्लचचं काय झालं?" कदीसुम्माने विचारलं.

"झाला बरा," बीरान म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली.

टेकडीची चढण लागली तशी मागे गप्पांना ऊत आला. बीरानने आरशात मागची गर्दी पाहिली. ही जीप नवी होती तेव्हा अशीच खच्चून भरून जायची. नव्वद सालानंतरची ती पाच-दहा वर्षं! गावातला कुणी आखातातून येणार म्हटलं, की आठ दिवस आधी बीरानला सांगावा यायचा. येणारा एक आणि आणायला जाणारे चौदा. निम्म्यांना घाटात मळमळायचं, मग नाकाशी लिंबू धरून बसायचे. विमानतळावर पोरं कुंपणाच्या जाळीला वटवाघळांसारखी लटकायची आणि कुठलंही विमान उतरलं तरी ते आपलंच म्हणून ओरडायची. काचेचं दार उघडलं, की आधी अत्तराचा वास यायचा, त्यानंतर माणूस दिसायचा आणि मग पिवळ्या दोरीने आवळलेली, जाड अक्षरात नाव रंगवलेली पेटी. पेटीत टेप, ब्लँकेट, साबण, डोकेदुखीचं मलम. पुढचा महिनाभर अर्ध्या गावाचं डोकं मुद्दाम दुखायचं.

रसाक पहिल्यांदा परत आला होता, ती गोष्ट तर गावात अजून सांगतात. तीन वर्षांनी येत होता. आखातात गेलेला माणूस अंगाने भरतोच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. दारातून काळा चष्मा लावलेला एक गोल गरगरीत माणूस बाहेर पडला, तशी नबीसाने "माझा रसाक!" म्हणून हंबरडा फोडला आणि त्याच्या गळ्यात पडली. मग सगळेच पडले. तो माणूसही हुंदके देऊन रडायला लागला. पाठोपाठ खरा रसाक आला, गेला तेव्हा होता तसाच काडी. थोडा वेळ त्याने वाट पाहिली आणि मग हळूच म्हणाला, "उम्मा, मी इकडं आहे."

सगळे चपापून बाजूला झाले. आलवी त्या जाड्यावर भडकला, "अहो, मग तुम्ही का रडताय?"

"माझं पत्र घरी पोचलं नसावं," डोळे पुसत तो म्हणाला. "घ्यायला कुणीच आलं नाही. तुम्ही धरलंत, म्हटलं, धरलंय तोवर धरू द्यावं."

कदीसुम्माने त्यालाही जीपमध्ये घेतलं. तो निलंबूरचा निघाला. रात्री पोटभर जेवला आणि सकाळी बीरानने त्याला त्याच्या गावच्या बसमध्ये बसवून दिलं.

"बीराना, वळण!" कदीसुम्मा ओरडली. बीरानने घाईघाईने चाक फिरवलं.

विमानतळ आता ओळखू येत नव्हता. सगळीकडे काचा, दांडे, पट्ट्या. लोक मान खाली घालून, मोबाइलकडे बघत बाहेर यायचे, गाडी समोर येऊन थांबायची, दार लागायचं, संपलं. कुणी कुणाच्या गळ्यात पडत नव्हतं. या सगळ्यात जीपमधून एकामागून एक माणसं उतरायला लागली, तसा शिट्टीवाला पहारेकरी धावत आला.

"एका माणसाला घ्यायला एवढे?"

"आज कमी आहोत," आलवी दिलगिरीने म्हणाला. "दोघांना ताप आलाय."

बऱ्याच वेळाने रसाक दारात दिसला. आता चांगलाच सुटला होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते. खांद्याला एक बॅग. त्याची नजर मोबाइलवरून वर आली, समोरच्या गर्दीवर पडली आणि त्याने तिथल्या तिथे पाठ फिरवून आत जायला सुरुवात केली.

"अहो, इकडून आत जाता येत नाही," दारावरच्या शिपायाने त्याला अडवलं. "एकदा बाहेर आलात की आलात."

तोवर नबीसा पोचली होती. मुली पोचल्या, पुतणे पोचले. या वेळी माणूस बरोबर होता. कदीसुम्मा सावकाश चालत आली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचे गुबगुबीत गाल धरले.

"किती वाळलास रे," ती म्हणाली.

आलवी रसाकच्या मागे बघत होता. मग त्याने बाजूला बघितलं, वाकूनही बघितलं. "सामान कुठाय?"

रसाकने बीरानकडे पाहिलं. बीरानला दुसरं काही सुचलं नाही. "जहाजानं येतंय," तो म्हणाला. "मोठं आहे."

"टीव्ही?"

"त्याहून मोठं."

"फ्रिज! दोन दारांचा?"

"आलवी," कदीसुम्मा म्हणाली, "तोंड बंद कर आणि त्याला पाणी दे."

परतीच्या वाटेवर मागे रसाक मुलींच्या मध्ये दाटीवाटीने बसला होता. पुढे कदीसुम्मा बीरानकडे झुकली. मागे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बीराना, जहाज कधी निघालं रे?"

बीरानने गिअर बदलला. गरज नव्हती, तरी बदलला.

"दर वेळी यायच्या आधी फोन करायचा, 'उम्मा, तुला काय आणू?' या वेळी विचारलंच नाही. फोन ठेवला आणि तशीच आलवीकडं गेले. म्हटलं, सगळ्यांनी जायचं."

"तुम्हाला माहीत होतं, तर मग एवढी वरात कशाला, उम्मा? त्याला लाज वाटत होती."

"पेट्या घेऊन यायचा तेव्हा चौदा जण जायचो. आज कुणीच गेलं नसतं, तर त्यानं काय समजायचं?"

गावाजवळच्या फाट्यावर मागून रसाकचा आवाज आला. "बीरानिक्का, मागच्या रस्त्यानं घ्या ना. बाजारात गर्दी असेल."

"बाजारातून घे," कदीसुम्मा म्हणाली.

पूर्वी आखातातून माणूस आला, की बीरान बाजारात शिरताना हॉर्न दाबून धरायचा आणि मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचा नाही. अख्ख्या गावाला कळायचं, कुणीतरी आलं. त्याने कदीसुम्माकडे पाहिलं. त्याने हॉर्न दाबला.

माशांच्या गाड्यावरची माणसं वळली. चहावाला बाहेर आला. रसाकने मान खाली घातली. गर्दीत जीप थांबली. न्हावी कुट्टन हातात कात्री घेऊन थेट जीपच्या मागच्या बाजूला आला. अर्धं डोकं झालेलं गिऱ्हाईक खुर्चीतून बघत राहिलं.

"अरे रसाक! कधी आलास?"

"आत्ताच."

"आणि परत कधी?"

येणाऱ्या प्रत्येकाला गाव हा प्रश्न विचारत आलं होतं. रुखियाने पदराची कड बोटाला गुंडाळली. आलवी कुट्टनला जहाजाचं सांगायला पुढे सरसावला. बीरानने हॉर्नवरचा हात काढला.

"नाही जायचं आता," रसाक म्हणाला. आवाज जरा फाटला, म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं, "कुट्टेट्टा, नोकरी संपली. आता इथंच."

आलवीचं तोंड उघडं राहिलं.

"मग केस कापायची आत्ताच कशाला घाई करायची?" कुट्टन म्हणाला. "शुक्रवारनंतर ये निवांत. तिथं कुणी कापलेत रे हे केस? एक बाजू खाली, एक वर."

नबीसा आधी हसली, मग मुली हसल्या, मग रसाकही हसला. हसताना त्याने खांद्यावरची बॅग काढून पायाशी ठेवली.

कदीसुम्माने चष्मा काढला, डोक्यावरच्या तट्टमच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"चल रे बीराना," ती म्हणाली. "घरी तांदळाच्या पत्तिरी गार होतायत."