एका टबातलं पाणी

मांडीवरचं पोतं आतून हललं, तेव्हा दशरथ पेडणेकरला नंदकुमार सरांचं पत्र आठवलं. कुडाळहून पावसाळ्याच्या तोंडाशी आलेलं आणि उत्तर न दिलेलं. ते त्यानं देव्हाऱ्यामागे उभं करून ठेवलं होतं. रोज पूजा करताना दिसेल आणि एखाद्या दिवशी लाज वाटून आपण उत्तर लिहू, असा त्याचा हिशेब. झालं उलटंच. रोज दिसून दिसून ते देवांच्या तसबिरींसारखं सवयीचं होऊन गेलं.

"काका, पोत्यात काय आहे?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"कापूस. गादीचा."

"कापूस हलतो?"

"तू रस्ता बघ ना रे. खड्डे किती आहेत ते."

रिक्षावाला हसला, पण अंधेरी येईपर्यंत त्यानं एकही खड्डा घेतला नाही आणि आरशातली नजरही काढली नाही.

पोत्यात बाय होती. मरोळच्या ज्या कारखान्यात दशरथ टाइमकीपर होता, तिथल्या गटारात सहा वर्षांपूर्वी ती सापडली होती. आरे कॉलनीच्या बाजूनं वाहून आलेलं, कंबरपट्ट्याएवढं अजगराचं पिल्लू. वॉचमननं काठी उचलली होती. लोकांच्या येण्याजाण्याची वेळ लिहिण्यापलीकडे आयुष्यात कशातही हात न घालणारा दशरथ त्या दिवशी मध्ये पडला आणि पिल्लू जेवणाच्या डब्यात घालून घरी आला. दोन दिवसांत सोडून देऊ, असं तो बायकोला, सुलक्षणाला, म्हणाला होता. मग त्यानं वाचनालयातून सापांवरची पुस्तकं आणली, गॅलरीत पॅकिंगच्या फळ्यांचा पिंजरा ठोकला, आणि सोडायचं राहून गेलं. आता बाय त्याच्या मांडीएवढी जाड झाली होती. चाळीतली माणसं त्याला पेडणेकर म्हणायची बंद झाली होती. अजगरवाले म्हणायची. लाजऱ्या माणसाला तेवढी ओळखही बरी वाटते.

नंदकुमार सर कुडाळला सरकारी परवानगीनं सर्पालय चालवत. त्यांनी कुणाकडून तरी बायबद्दल ऐकलं होतं. पत्रात रागावणं नव्हतं. 'पूर्ण वाढीच्या अजगराला चाळीतली गॅलरी पुरत नाही, हे आपण जाणताच,' असं लिहिलं होतं. त्यांच्याकडे मोठं आवार होतं, झाड होतं, पाण्याचं कुंड होतं. गणपतीनंतर ते जीप घेऊन मुंबईला येणार होते, वनखात्याशी तेच बोलणार होते. दशरथनं फक्त होकार कळवायचा आणि त्याआधी बायची तपासणी करून घ्यायची. मागच्या वर्षी न तपासता घेतलेल्या एका सापापायी त्यांचे निम्मे साप दगावले होते.

दशरथनं कितीदा तरी 'आपले पत्र पावले' एवढं लिहिलं. त्यापुढे हात जाईना.

तेवढ्यात नागपंचमी आली. सण उलटला की मरोळ नाक्यावर गारुडी अर्धमेले साप टाकून जात. दशरथ दरवर्षी तिकडे चक्कर मारायचा. यंदा तोंड शिवलेली एक धामण मिळाली, आणि तिच्याच टोपलीत एक कासव. त्यानं हलक्या हातानं टाके कापले आणि दोघांना घरी आणलं. धामण बायच्या शेजारी, कासव टबात.

आणि टब एकच होता. नळाला पाणी पहाटे यायचं, धारही करंगळीएवढी. जनावरांसाठी रोज एक टब, त्याच्यावर एक तांब्याही नाही, हा सुलक्षणाचा कायदा. दशरथनं तो नीट बसवला होता. आधी बाय टबात डुंबायची, मग त्याच पाण्यात धामण, आणि प्यायच्या वाट्याही त्यातूनच भरायच्या. पाणी स्वच्छ दिसायचं. थेंब वाया जात नाही, याचा त्याला मनातून अभिमानच होता.

गणपतीच्या आधी धामण मेली. गारुड्यांनी पाजलेलं दूध भोवलं, असं त्यानं मनाशी ठरवलं. मग बायनं उंदराकडे पाठ फिरवली. आज सकाळी पिंजऱ्याच्या फळीवर रक्तमिश्रित आव दिसली, आणि दशरथनं पोतं शोधलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुहासिनी वयानं त्याच्या मुलीपेक्षा, जानकीपेक्षा, चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. बायला बघून कंपाउंडर टेबलाच्या पलीकडे गेला, त्या अलीकडेच राहिल्या.

"धरता येतं ना तुम्हाला नीट?"

"हो. चावत नाही ती."

"सगळे असंच म्हणतात. डोकं धरा."

त्यांनी बारीक नळीनं मिठाचं कोमट पाणी शेपटीकडून आतड्यात सोडलं, परत ओढून घेतलं, त्यातला थेंब काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दशरथच्या मनगटाभोवती बायनं सावकाश विळखा घेतला.

"घरात कासव आहे?"

दशरथ दचकला. "आहे. पण ते अगदी ठणठणीत आहे, मॅडम."

"ते ठणठणीतच राहतं. जंतू त्याच्या पोटात सुखानं नांदतात आणि पाण्यातून सापाला जातात. सापाची मात्र आतडी सडतात. पाणी एकच होतं का?"

"टब... एकच आहे."

त्यांनी मान वर केली. रागावल्या असत्या तर दशरथला सोपं गेलं असतं.

"औषध देते. नळीनं पोटात घालायचं, शिकवते मी. वाचेल की नाही, आज सांगत नाही. तीन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत ही कुठे हलवायची नाही. कुणाला द्यायची नाही, आणि आरेत तर मुळीच सोडायची नाही. तिथल्या पाण्यावर बाकीचे साप येतात. हात, टब, पिंजरा, सगळं औषधाच्या पाण्यानं धुवा. घरात लहान मूल आहे?"

"नाही. मुलगी येतेय, बाळंतपणाला. पुढच्या आठवड्यात."

"मग तान्हं मूल त्या खोलीत नको. सापांच्या अंगावर तान्ह्या मुलांना बाधणारेही जंतू असतात." त्या हात धूत म्हणाल्या, "अजगर घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

दशरथनं पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. गाठ दोनदा सुटली.

घरी आल्यावर त्यानं कासवाला वेगळ्या घमेल्यात टाकलं, पिंजरा धुतला, टब धुतला, परत टब धुतला. शेजारचा बाळा दारात उभा राहून बघत होता.

"वाट लागली ना तुझी?" बाळा म्हणाला. "अरे, तो तुझा कुडाळचा मास्तर जीप घेऊन येतोय ना? टाक एक कार्ड. या म्हणावं, घेऊन जा. गाडीत टाकली की तू सुटलास, जानकी सुटली."

"आणि रोगाचं?"

"औषध सुरू केलंस ना? बोलायचंच नाय. तिकडे डॉक्टर नसतात काय?"

बाळाचं बोलणं दशरथला पटलं नाही, पण ते डोक्यातून जाईना. त्यानं कार्ड घेतलं. इतके महिने अडलेला हात सरसर चालला. 'अजगर उत्तम आहे. तपासणी केली आहे. अवश्य यावे.' तपासणी केली आहे, यात खोटं काय होतं?

दुसऱ्या दिवशी ते कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन तो कामावर गेला. जाताना टपालपेटी लागली, पेटीपाशी थांबला, कामावर उशीर होईल म्हणून पुढे गेला. जेवणाच्या सुट्टीत परत आला, पेटीच्या फटीत कार्ड अर्धं सरकवलं आणि ओढून घेतलं. दुपारी दोन कामगारांच्या वेळा चुकीच्या लिहिल्या. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. सुपरवायझरनं विचारलं, "पेडणेकर, बरं नाही का?" तर म्हणाला, "नाही, बरं आहे." खिशातलं कार्ड घामानं ओलं झालं होतं.

त्याच्या डोळ्यांसमोरून ते कुंड हलत नव्हतं. कधी न पाहिलेलं, कुडाळचं. झाडाखालचं स्वच्छ पाणी, त्यात बाय अंग सोडून पडलेली, आणि मग एकेक करून तिथे प्यायला येणारे बाकीचे साप. पाणी स्वच्छच दिसत होतं.

संध्याकाळी त्यानं कार्ड सुलक्षणासमोर फाडलं.

"ती कुडाळला जाणार नाही. बरी होईपर्यंत इथेच."

सुलक्षणा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "आणि जानकी?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तान्हं मूल या खोलीत नको."

"मग अजगर खाली ठेवा. शेजारच्या बाळाची वखार आहे ना, तिथे ठेवा."

"बाळाला विचारलं. नाही म्हणाला. कारखान्यातही विचारलं."

"असं होय. आजाऱ्याला जागा मिळत नाही म्हणून पोरीनं बाहेर राहायचं!" ती उठली. सुपातले तांदूळ सांडले, ते तिनं गोळा केले नाहीत. "पहिलं बाळंतपण, अहो. माहेरी होतं ते. तिच्या सासूला काय सांगू? मुलीच्या माहेरात अजगराला जुलाब झालेत, तेव्हा तुम्हीच बघा?"

दशरथला एरवी हसू आलं असतं. तिलाही आलं असतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"तुमचं चुकलं की तुम्ही गप्प बसता. त्या मास्तरांनी पावसाआधी विचारलं होतं. तेव्हा गेली असती तर ना तो रोग, ना हे. नको द्यायची होती तर नाही म्हणायचं होतं, द्यायची होती तर हो. देवामागे पत्र ठेवून काय होतं?"

दशरथ वाकून सांडलेले तांदूळ गोळा करू लागला.

सुलक्षणानं ट्रंक ओढली. झबली, दुपटी, डिंक, खारीक, महिनाभर जमवलेलं सगळं तिनं भरलं. विक्रोळीला तिची बहीण शेवंती राहत होती, तिची खोली मोठी होती. जानकीला तिकडेच उतरवायचं ठरलं. रविवारी सकाळी दशरथ ट्रंक घेऊन बसस्टॉपपर्यंत गेला. बस आली तेव्हा सुलक्षणा म्हणाली, "भात जास्त होतो तुमचा. दीड वाटीच घाला." आणि चढली.

घरी येऊन त्यानं बायला औषध पाजलं. डोकं बगलेत धरून नळी आत सरकवताना तिनं जराही ओढाताण केली नाही. पूर्वी तिच्या अंगात केवढा जोर असायचा. मग हात कोपरापर्यंत धुऊन तो नवं कार्ड घेऊन खिडकीत बसला. या वेळी हात सरसर चालला नाही, पण थांबलाही नाही.

'रा. रा. नंदकुमार सर यांस. आपल्या पत्राचे उत्तर मी वेळेवर दिले नाही. दिले असते तर ती आज आपल्याकडे असती आणि बरी असती. तिला कासवापासून पाण्यातून रोग झाला आहे. औषध चालू आहे, वाचेल की नाही सांगता येत नाही. तरी आपण येऊ नये. माझ्याकडचे कासवही कुणाला देणार नाही. तिच्यासाठी ठेवलेली जागा दुसऱ्या जनावराला द्यावी. ती वाचली आणि निर्दोष ठरली, तर मी स्वतः वनखात्यात जाऊन सांगेन की इतकी वर्षे मी तिला ठेवली.'

शेवटचं वाक्य त्यानं पुन्हा वाचलं. खोडलं नाही.

रविवारी दुपारी मरोळ नाका ओस होता. पेटीच्या फटीत त्यानं कार्ड घातलं, एक कोपरा चिमटीत धरून क्षणभर उभा राहिला, आणि सोडलं. आत ते पडल्याचा आवाज आला नाही.