एकाच नावाचा आजार

वडिलांच्या बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून पौर्णिमाचा पाय एका जागी ठरत नव्हता. रसायनीच्या कंपनीत ती प्रयोगशाळेत कामाला होती. त्या आठवड्यात साधं रीडिंग लिहितानाही दोनदा चुकली. कोंडाण्याला गावच्या घरी वडील, श्रीपत, मात्र निवांत होते.

"आबाजीला पण पोटाचाच कॅन्सर झालता. सा वर्सं झाली. मटण खातोय आता."

आबाजी त्यांचा खालापूरचा दोस्त, कारखान्यात बावीस वर्षं एकाच पाळीत काढलेला. पौर्णिमा स्कूटर काढून त्याच्याकडे गेली आणि त्याची जुनी फाइल मागून आणली. परतताना तिला धीर निघेना. रस्त्याच्या कडेला थांबून तिनं दोन्ही रिपोर्ट शेजारी धरले. आबाजीचा पहिल्या स्टेजचा, 'इंटेस्टिनल' प्रकार. बाबांच्या कागदावर 'सिग्नेट रिंग' असे शब्द होते. मोबाइलवर शोधलं, चार ओळी वाचल्या आणि बंद केलं. दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं.

गुरुवारी सीटी स्कॅन आणि दुर्बिणीचा रिपोर्ट घेऊन दोघं पनवेलला डॉक्टरांसमोर बसली.

"आजाराचं नाव एकच आहे, काका, पण जात वेगळी," डॉक्टर म्हणाले.

श्रीपत हसले. "तितं पण जात हाय का?"

डॉक्टर ओशाळले. "प्रकार म्हणतो. तुमच्या मित्राची गाठ एका जागी होती, आतल्या अस्तरातच. लवकर सापडली. तुमच्या पेशी सुट्या सुट्या पसरतात, म्हणून उशिरा कळतं. तिसरी स्टेज आहे. पोटाच्या पडद्यावर गेलेलं नाही, म्हणून उपचार करायचे. पण त्यांच्याइतकी खात्री मी देऊ शकत नाही."

"किती वर्सं?"

"एका माणसाचं सांगता येत नाही. असे पुष्कळ जण पाच वर्षं गाठत नाहीत. काही गाठतात."

पौर्णिमा उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली.

"बस गं पोरी," श्रीपत म्हणाले. "सुरू करा, डॉक्टर."

आधी चार केमो झाले, मग जठर काढलं, मग पुन्हा केमो. श्रीपत वाटीभर पेजेवर राहिले, तरी रोज अंगणापर्यंत चालायचे. दीड वर्षानं आजार पोटाच्या पडद्यावर पोचला आणि पोटात पाणी भरलं. आबाजी कितीतरी दिवस आलाच नव्हता. त्या वेळी आला आणि खाटेजवळ मान खाली घालून बसला.

"मी तुला म्हनलो होतो, काय व्हत नाय."

"तू खोटं नाय बोललास. तुजं तुला खरं होतं."

पौर्णिमा आत-बाहेर करत होती. श्रीपतांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. त्या दिवशी ती तास-दीड तास उठली नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी श्रीपत गेले.