कोपऱ्यातली चौकट

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: नाकाला रुमाल बांधून एक अकरा वर्षांची मुलगी टेबलाखाली पालथी पडली आहे आणि चित्रकलेच्या ब्रशाने संगणकाच्या पंख्यातली धूळ झाडते आहे. धुळीचा एक गोळा तर एवढा मोठा निघाला, की तिला वाटलं, आत उंदीरच मेलाय.

"पेशंट जिवंत आहे का गं?" बाबांनी वरून विचारलं.

"आहे. पण फार दिवस अंघोळ नव्हती."

बाबा मुद्रितशोधक. छापण्याआधी पुस्तकांतल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं घरबसल्या काम. संगणक सुरू व्हायला नऊ मिनिटं लागत. तेवढ्यात त्यांच्या खोलीभर येरझाऱ्या होत आणि आईची बोलणीही खाऊन होत.

"ते डबडं एकदाचं भंगारात द्या," आई म्हणे. बाबा मनावर घेत नसत.

मुलीने शाळेत शिकवलं होतं तसं सगळं केलं. निरुपयोगी फायली काढल्या, कचऱ्याची टोपली रिकामी केली. मग सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी काढली. चौदा निघाले! एकेकापुढची खूण ती पुसत गेली. शेवटी राहिला इंटरनेटवरून एकमेकांशी बोलण्याचा जुना प्रोग्रॅम. तो दादाने बसवला होता. दोन वर्षांपूर्वी दादा बाबांशी भांडून दूरच्या शहरात निघून गेला. आईला त्याचा फोन येई, बाबांना नाही. या प्रोग्रॅमवर तर कधीच कोणी बोललं नव्हतं. तिने तीही खूण पुसली आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

"चाळीस सेकंद!" ती ओरडली.

"मानलं, इंजिनीअरबाई!"

बाबा खुर्ची ओढून बसले. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उठून पाणी प्यायले, खिडकी लावली, परत उघडली, परत बसले.

"आता कशाची वाट बघताय? झालं ना सुरू?" आई आतून म्हणाली.

"हो, हो." टेबलाखाली त्यांचा पाय सारखा हलत होता. "इथे एक छोटी चौकट यायची ना गं?"

"ती काढली, बाबा. सगळ्यात जड तीच होती. आणि त्यात काय, नुसतं दादाचं नाव यायचं, नि खाली 'उपलब्ध...'"

'नाही' तिच्या तोंडातच राहिलं.

"हं. बरं केलंस," बाबा म्हणाले.

त्यांनी काम उघडलं आणि पडद्यावर बोट ठेवून वाचू लागले. पहिल्याच ओळीत एक शब्द दोनदा पडला होता. बाबांच्या बोटाखालून तो तसाच निघून गेला.

"बाबा, जरा उठा. एक राहिलंय."

तिने पुन्हा यादी काढली, पुसलेली खूण परत केली आणि संगणक बंद करून सुरू केला.

"आता थोडा वेळ लागेल हं."

"लागू दे की," बाबा म्हणाले आणि पहिल्यांदाच येरझाऱ्या न घालता बसून राहिले.

कोपऱ्यात चौकट उघडली. दादाचं नाव, खाली तेच दोन शब्द. बाबांचा पाय थांबला. ते कामाला लागले.

मुलगी आत गेली. आईचा फोन तिने न विचारताच उचलला आणि दादाला लिहिलं, 'संगणक साफ केलाय. उद्या सकाळी नऊला जुन्या चौकटीत ये. बाबा रोज असतात तिथे.'