तिचा शब्द, माझा शब्द

आम्ही नवरा-बायको इंग्रजी शब्दांचा कीस पाडून पोट भरतो. शब्दकोशातली ए ते एम अक्षरं माझी, पुढची हिची. एकानं लिहिलेल्या कार्डावर दुसऱ्याची सही झाल्याशिवाय ते छापायला जात नाही.

महिन्यापूर्वी मी एकटाच हिची कार्डं तपासत असताना मेहुण्याचा फोन आला. "आईचं काही खरं नाही. ताईला लगेच पाठवा." पाठवतो म्हणालो आणि फोन खिशात टाकला. दहाच कार्डं उरली होती. ती संपेपर्यंत सासूबाई गेल्या. बहीण मुद्दाम आली नाही असं मेहुण्यानं धरलं, आणि मी भित्रा, धरू दिलं. त्यानं बोलणंच टाकलं. काल रागाच्या भरात त्यानं निरोपाचं काढलं, तेव्हा हिला कळलं. हिनं शपथा घेतल्या. तो म्हणाला, "नवऱ्यावर ढकलू नकोस." आज पाच वाजता तो हिच्याकडून आईच्या घराची किल्ली परत न्यायला येणार होता.

पावणेपाचला टेबलावर शेवटची जोडी होती. अर्थ जवळचे, म्हणून एकत्र तपासायची.

"वाच," ती म्हणाली.

"'अपॉलॉजी'. मूळ ग्रीक. मुळात अर्थ, स्वतःच्या बचावाचं भाषण. माफीचा अर्थ मागाहून आला."

"आता माझं. 'सॉरी'. जुनी इंग्रजी. 'सोअर', म्हणजे दुखरं, ठणकणारं, त्याचं हे भावंड." तिनं पेनाला टोपण लावलं. "कालपासून तुझंच कार्ड ऐकतेय मी. दहाच कार्डं होती, छापखाना खोळंबला होता, वाटलं वेळ आहे. दुखलं का रे कुठे?"

"अगं, त्या दिवशी..." मी थांबलो. खऱ्या उत्तराची मला लाज वाटत होती. "तेव्हा नाही दुखलं. कार्डं संपली म्हणून बरंच वाटलं."

तिनं माझं कार्ड बाजूला सारलं. सही केली नाही.

बेल वाजली. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "माझं तो ऐकत नाही."

सबबी शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही. दारापर्यंत तीन सुचल्या, तिन्ही पटण्यासारख्या. दार उघडलं. मेहुण्यानं माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"तुझा निरोप मी ताईला दिलाच नाही," मी म्हणालो. "तिला माहीतच नव्हतं. नंतरही मी गप्प बसलो."

त्याचा हात तसाच राहिला. मग माझ्या खांद्यावरून त्यानं आत पाहिलं.

"ताई?"

मी दारातून बाजूला झालो.