काळ्यातला हिरवा

धागा दिसत होता. काळ्या कोटाच्या कोपरावर, काळ्याच कापडात काल तिनेच ओवलेला काळा धागा... आणि तो चक्क वेगळा दिसत होता! काल रात्री बल्बखाली त्यावरून बोट फिरवत ती म्हणाली होती, झकास, मालकालाही रफू सापडायचं नाही. आज छपरातल्या नळीतून उतरलेल्या उन्हाने तिची चोरी पकडली होती. वापरून वापरून कोपर हिरवट झालेलं, आणि कोटाच्या आतल्या दुमडीतून काढलेला हा धागा मात्र नव्यासारखा काळाकुट्ट.

वाईट वाटायला हवं होतं. संध्याकाळी कोटाचा मालक, तो क्लॅरिनेटवाला, हाच कोट घालून वाजवायला बसणार, म्हणजे सगळं उसवायचं, पुन्हा भरायचं... पण तिला हसूच फुटलं. कारण हे तिला इथं दिसलं होतं — मधल्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीवर, जिथं एकही खिडकी नाही आणि भर दुपारी बल्ब लावावा लागायचा. काळं कापड आलं की ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत, गुडघे आवळून. मग काळं घेणंच सोडलं. “डोळे थकले तुझे, आता पुरे कर,” नवरा म्हणाला होता, मायेनंच — आणि तेच जास्त झोंबलं होतं. डोळे थकले नव्हते हो! छपराला थाळीएवढं भोक पाडण्यासाठी तिने घर डोक्यावर घेतलं. वर काचेचा घुमट, मधे आरशासारखी चकचकीत नळी, खाली दुधी झाकण; काल दिवेलागणीला सगळं बसवून झालं. एवढं करूनही काळं जमलं नाही तर सुई ठेवून द्यायची, असं नवऱ्याने वदवून घेतलं होतं.

सासूबाई आत आल्या आणि त्यांनी बटण दाबलं. “दिवसाढवळ्या दिवे कसले जाळतेस गं? आणि हा विझत का नाही?”

“आई, दिवा आत्ता तुम्ही लावलात. मघापासून बंदच होता.”

“मग हे काय?”

“ऊन.”

सासूबाईंनी बटण बंद केलं आणि त्या वर बघतच राहिल्या.

तिने धाग्यांची डबी मांडीवर ओतली. जुन्या कोटांतून जमवलेले, काळे म्हणून एकत्र कोंबलेले — त्यात तपकिरी होता, निळसर होता, राखेत घोळल्यासारखा एक होता. इतकी वर्षं मी तुम्हाला एकाच नावानं हाक मारत होते?... हिरवट सापडला. कालचा धागा तिने उसवून काढला. दोन वरून, एक खालून. दोन वरून, एक खालून... धागा कापडात शिरला आणि नाहीसा झाला. तिने शोधला. सापडेना! जिंकले मी, जिंकले — हे मोठ्याने म्हटलं की मनात, ते तिला कळलं नाही.

कोपराचं भोक निम्मं भरलं होतं, तेवढ्यात खोली मंदावली.

“गेला का गं उजेड?” सासूबाई हळूच म्हणाल्या.

“ढग आलाय. जाईल.”

हात सवयीने बटणाकडे गेला होता, तो तिने मागे घेतला. या खोलीत बसून वर ढग आलाय हे तिला आजवर कधी कळलं नव्हतं. काम अर्धं होतं, क्लॅरिनेटवाला येणार होता, आणि तरी सुई तशीच धरून ती वर बघत राहिली... त्या ढगाचंसुद्धा तिला फार कौतुक वाटत होतं.